डावा दाखवला की

डावा इंडिकेटर दाखवला
की पुढचे दोन्ही पार्किंगचे दिवे मिचमिचायचे.
ब्रेक दाबला की हॉर्न कण्हायचा,
बारीक, पोट दुखल्यासारखा,
आणि पेट्रोलचा काटा, टाकी अर्धी असताना,
पार टोकाला जाऊन भिंतीला टेकायचा.

चौसष्टची फियाट. दांडिया बाजारात
इतकी वर्षं उभी आहे,
अशी कधी बरळली नव्हती.

मुरारदादानं फ्लॅशर बदलला. मग बल्ब.
मग बॅटरी, साडेपाच हजारांची.
मग मत.
बंपरला लिंबू-मिरची त्यानंच बांधली,
एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या हातांनी.

मी म्हटलं, फकीरभाईंना बोलावू.
आज वासी उत्तरायण, दादा म्हणाला,
आज बडोद्यात जमिनीवर आहे कोण?

फकीरभाई पांचाल होते.
सायकलवरून आले, मांज्यानं कापलेल्या बोटाला चिकटपट्टी,
पिशवीत एक होल्डर, त्यात एकवीस वॅटचा बल्ब,
दोन वायरी: एकीच्या टोकाला चिमटा,
दुसरीच्या टोकाला गोधडी शिवायची सुई.
मीटर नाही आणला? दादानं विचारलं.
मीटर बारा व्होल्ट दाखवून मोकळा होतो, साहेब,
बल्बला जळून दाखवावं लागतं.

मग गाडीच्या तोंडाशी उकिडवे बसून
त्यांनी बोनेटवरून नुसता हात फिरवला.
"नवो कलर?"

दादा खुलला. दिवाळीत, मकरपुऱ्याला,
सगळे दिवे उतरवून, कोपरान्‌कोपरा,
पाच कोट. आतूनसुद्धा!

फकीरभाई हसले नाहीत.
बॅटरीच्या ऋण टोकाला एक लांब वायर लावली,
तिचं उघडं टोक डाव्या दिव्याच्या वाटीला टेकवलं,
म्हणाले, "हवे डाबो चालु करो."

एकच दिवा लागला.
जो लागायचा तोच. टक. टक.
स्वच्छ नारिंगी, शेजारच्या कुणालाही न उठवता.
वायर काढली, पुन्हा सगळं घर जागं.

"अर्थ नथी मळतो."

वीज जाते तशी परतही यावी लागते
हे दादानं किती पोरांना फळ्यावर काढून दाखवलं,
परतीची रेघ नेहमी सरळ, पट्टीनं आखलेली.
इथे त्या रेघेवर पाच थर दुधी निळा रंग.
मग ती जाणार कुठून?
दुसऱ्याच्या बल्बातून, हॉर्नच्या गुंडाळीतून,
वाट विचारत, दारं ठोठावत,
आणि जो जो दार उघडेल तो
थोडा उजळायचा, थोडा कण्हायचा.

मला ते वाक्य ओळखीचं वाटलं.
पुण्याच्या मावसवहिनी येतात, मी म्हणते
माथं दुखतंय, जरा दार बंद करून दे,
आणि त्या क्षणभर बघत राहतात,
चेहऱ्यावर अगदी हेच.

पॉलिश पेपर निघाला. दादानं मान फिरवली.
सहा जागी, बोल्टाभोवती, रुपयाएवढा रंग खरवडला,
खाली पत्रा निघाला, उघडा, करडा,
चौसष्टच्या कारखान्यातला.
दातेरी वायसर, बोल्ट आवळून पक्का,
वर व्हॅसलीनचं बोट.
दोनशे रुपये आणि तिळाचे दोन लाडू घेऊन
फकीरभाई धाब्यावर पोचलेसुद्धा असतील
तेव्हा दादा अजून ते सहा ठिपके बघत होता.

संध्याकाळी सूरसागरापर्यंत गेलो.
वर तुक्कल चढलेले, बंपरला लिंबू हलतंय,
मागे कुणी नाही.
वळायचं होतं उजवीकडे.
दादानं आधी डावा दाखवला,
बराच वेळ.